सव्वीस जानेवारीची कोरडी डोकी

सोफ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो, तेव्हा तो नुकताच माझ्याच डोक्यावरून खाली उतरला होता.

रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली. सव्वीस जानेवारीची सकाळ. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. आम्ही सहा जण होतो, सातवीतले, आणि आमच्या मधोमध तो. सागवानी. लाल मखमलीचा. तिघं ऐसपैस बसतील असा. पायांना सिंहाचे पंजे कोरलेले. पाच जण खाली मातीत बसले. मी सोफ्यावर बसलो. ठरवून नाही. पाय थरथरत होते आणि मागे सोफा होता, एवढंच.

दहा श्वास बसलो असेन. मखमल म्हणजे काय ते त्या दहा श्वासांत माझ्या बुडाला कळलं. तोवर फक्त डोक्याला माहीत होतं.

तेवढ्यात जीप थांबली. भाऊसाहेब उतरले. संस्थेचे अध्यक्ष. म्हणजे शाळा त्यांची, सोफाही त्यांचाच. ते ओरडले नाहीत. ज्यांचं हळू बोललेलंही ऐकलं जातं, त्यांना ओरडायची सवय नसते.

"ऊठ बे," ते म्हणाले. "तो सोफा तुले डोक्यावर घ्यायले देला. बुडाखाली घ्यायले नाई."

मी उठलो. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरने सोफा पुसला. सगळा नाही. मी बसलो होतो तेवढीच जागा. गोल, नेमकी, जणू कुणी खडूने आखून दिली होती. मग रुमाल शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, फेकून दिला. जीप गेली.

आता हा सोफा आमच्या डोक्यावर का होता, ते सांगतो. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर सोफा बघायला याल. मेहकर तालुक्यातलं गाव, डोणगावच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं, एवढं पुरे.

आमच्या शाळेत झेंडावंदनाला अध्यक्ष यायचे आणि ते खुर्चीवर बसायचे नाहीत. शाळेच्या खुर्च्या लोखंडी, कुरकुरणाऱ्या. त्यामुळे त्यांच्या घरचा सोफा शाळेत यायचा, दीड किलोमीटर. अंगणात ट्रॅक्टर उभा असायचा. पण ट्रॅक्टरमध्ये सोफ्याला हिसके बसतात. पॉलिश जातं. मखमल घासते. डोक्यावर यातलं काही होत नाही. म्हणून पोरं.

सोफा उलटा करायचा. मखमलीची बाजू आमच्या डोक्यांवर, चारही पंजे आभाळाकडे. मेलेला सिंह गावातून मिरवत न्यावा तसा. हात सोफ्याचे खाली लोंबायचे, म्हणून पुढच्या दोघांना रस्ता दिसायचा नाही. मागून कुणीतरी ओरडायचं, डावीकडे शेण, उजवीकडे खड्डा. आणि एक नियम होता, भाऊसाहेबांच्या घरातून आलेला. सोफावाल्या पोरांनी डोक्याला तेल लावायचं नाही. दोन दिवस आधीपासून. मखमलीला डाग पडतो.

त्यामुळे सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत कुणाचा बाप काय करतो हे विचारावं लागायचं नाही. डोकी पाहायची. सगळी शाळा तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून. आणि सहा डोकी कोरडी. भुरभुरीत. त्या सहांतली पाच दरवर्षी विहारामागच्या आमच्या वस्तीतली. सहावं एखाद्या सालगड्याचं.

आणि ऐकून हसाल, आम्हाला त्याचा अभिमान होता. पीटीचे मास्तर यादी वाचताना म्हणायचे, "ह्या पोट्ट्यायच्या माना कमावलेल्या हायेत." कमावलेल्या. आम्ही छाती पुढे काढायचो. पुढचा उजवा कोपरा मिळावा म्हणून आम्ही आपसात मारामाऱ्या केल्या आहेत. माझी माय आदल्या संध्याकाळी माझं डोकं धुऊन पुसायची, नुसत्या फणीने विंचरायची आणि म्हणायची, "तेल नोको लावू बरं, नाव कटन." नाव कटण्याची भीती आमच्या घरात तेवढी होती.

तर, रुमाल धुऱ्यावर पडला आणि आम्ही घाबरून सोफा उचलला. घाईत. उलटा करताना मागचा कोपरा सुटला. सागवानाचा हात माझ्या डाव्या खांद्यावर, मानेच्या जवळ आदळला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. कुणाला ऐकू गेला नाही. मला आतून ऐकू आला.

राहिलेली वाट मी एका हाताने सोफा धरून चाललो. मुलं म्हणत होती, हात लाव ना बे. मी म्हणालो, लावला.

मग झेंडा. मग कवायत. सगळी शाळा मैदानात, पुढे सोफा, सोफ्यावर भाऊसाहेब. मी गरम करून ठेवलेल्या जागेवर बरोबर. पीटीच्या मास्तरांची शिट्टी. एक म्हणता हात छातीसमोर. दोन म्हणता हात वर. दंड कानाला लागले पाहिजेत. तीनशे पोरांचे सहाशे हात वर गेले. चुकलो. पाचशे नव्व्याण्णव.

"हात वर कर बे."

"जात नाई सर."

"काऊन जात नाई?"

मी काय सांगणार होतो? ज्यांचा सोफा, तेच समोर बसलेले. मास्तर रांगेतून आत आले. माझं मनगट धरलं आणि वर ओढलं. मला वाटतं मी ओरडलो. नक्की माहीत नाही, कारण त्याच वेळी सगळे हसले. भाऊसाहेब सोफ्यावरून म्हणाले, आणि हे वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात पाठ आहे,

"अंगात मेहनतच नाई पोट्ट्याच्या. व्यायाम घेत जा मास्तर ह्याइचा."

परत हशा. त्यात माझ्या बरोबरचे पाच जणही होते. भुरभुरीत केसांचे. त्यांचा राग मला कधी आला नाही. अध्यक्ष हसले की हसायचं असतं. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

मला रांगेतून काढलं. रांग बिघडते म्हणून. सोफ्याच्या मागे, सोफ्याच्या पाठीकडे तोंड करून उभं केलं. कवायत संपेपर्यंत मी सोफ्याची पाठ पाहत होतो. तिथे साधं मांजरपाट लावलेलं होतं. मखमल फक्त पुढून.

घरी बापाने ऐकलं आणि पहिली एक थोबाडीत दिली. "तुले बसायले कोनं सांगतलं होतं?" मग मला पाठंगुळीला घेऊन साखरखेर्ड्याकडच्या एका हाडवैद्याकडे नेलं. त्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, हळदीचा लेप दिला. हाड जुळलं. वाकडं जुळलं. डावा खांदा दोन बोटं खाली राहिला तो राहिलाच. हात खांद्याच्या थोडा वर जातो आणि तिथे थांबतो. गावाने नाव ठेवलं, तिरपा. मी पण ते वापरलं. पोरींना हसवायचं असलं की मी तिरपा होऊन चालायचो. लोक माझ्या खांद्यावर हसायच्या आधी मी हसवून घ्यायचो. ही कला मला चांगली जमते. आत्ताही तेच करतो आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

आता मजेचा भाग. हा तिरपा मोठा झाला आणि काय झाला? पीटीचा मास्तर.

हसा. मीही हसलो होतो. पळायला खांदा लागत नाही आणि मी जिल्ह्यात पळत होतो. त्याच्या जोरावर प्रवेश मिळाला, पदवी मिळाली. आमच्याच शाळेत आमच्याच लोकांसाठी राखीव जागा निघाली. भाऊसाहेब वारले होते. त्यांचा मुलगा, दादासाहेब, अध्यक्ष झाला होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मुलाखतीत म्हणाला, "आपल्याच शाळेचा पोट्टा हाये, घ्या." मी पाया पडलो. पडलो, खोटं कशाला बोलू.

आणि यादी माझ्याकडे आली.

अकरा वर्षं सोफ्याची यादी मी केली. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षांपेक्षा जास्त वेळ लागला आहे. मी, ज्याचं हाड त्या सोफ्याने मोडलं होतं. माझी निवड शास्त्रशुद्ध असायची. सगळी एका उंचीची, म्हणजे सोफा समतल राहतो. मान आखूड, जाड. कुणाला ताप असेल तर बदली तयार. रस्त्यात दोन थांबे. थांब्यावर केळी. मला वाटायचं मी किती चांगला मास्तर आहे. आणि थांब्यावर मी त्यांना एक गोष्ट बजावून सांगायचो, सोफ्यावर बसू नका. भल्यासाठीच सांगत होतो ना. रुमालाची पाळी येऊ नये म्हणून.

यादी वाचताना मीही तेच म्हणायचो. मजबूत पोरं निवडली आहेत. माना कमावलेल्या आहेत.

मधल्या काळात सोफा बदलला. लाल मखमल गेली. बिस्किटाच्या रंगाचा, भलामोठा, दोन तुकड्यांत येणारा सोफा आला. दोन तुकडे म्हणजे बारा पोरं. मुख्याध्यापकांनी त्यात मुलींनाही घेतलं. "आता पोरा-पोरीत भेद कुठे राह्यला सर," ते म्हणाले, आणि खरोखर खुश होऊन म्हणाले. सहा मुलं, सहा मुली. बारा कोरडी डोकी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वरून आदेश आला. प्रत्येक मुलाची शारीरिक क्षमता चाचणी घ्या. पळणं, वाकणं, तोल सांभाळणं, फॉर्म भरणं. मला आनंद झाला. मनात म्हटलं, आता बघा. गाडीने येणारी, मोबाइलमध्ये मान घातलेली पोरं मागे पडतील. माझी वस्तीतली पोरं, हंडे वाहणारी, चाऱ्याचे भारे आणणारी, पहिली येतील. कष्टाने अंग घडतं हे मी आयुष्यभर ऐकलं होतं. आमच्या गावात सगळेच मानतात. लहानग्या पोरीच्या डोक्यावर कोहळा ठेवून चालायला शिकवतात, मान बसते म्हणून.

एक चाचणी मी पदरची घातली. प्रत्येकाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, टाचा भिंतीला, आणि दोन्ही खांद्यांच्या उंचीवर खडूने रेघ मारली. शेजारी नाव. व्हरांड्याच्या निळ्या भिंतीवर आठवीचा सगळा वर्ग उभा राहिला, नुसत्या खांद्यांचा. मला गंमत वाटत होती. मग मी दहा पावलं मागे जाऊन पाहिलं.

बहुतेक रेघांच्या जोड्या सरळ होत्या. थोड्या इकडेतिकडे. गाडीवाल्यांची पोरं पळताना धापा टाकत होती, हे खरं. पण खांदे सरळ. ज्या जोड्या तिरप्या होत्या, त्यांची नावं मी वाचत गेलो. वाचायची गरज नव्हती. ती माझ्या हस्ताक्षरातली यादी होती.

सगळी सोफ्याने तिरपी झाली असं मी म्हणत नाही. सोफा वर्षातून एकदा. रोज पाण्याचा हंडा एकाच कडेवर, रोज चाऱ्याचा भारा, त्यावर दप्तर एकाच खांद्याला, कारण दुसरा बंद तुटलेला. ज्यांच्या अंगावर आधीच सगळं होतं, त्यांच्याच अंगावर मी सोफा ठेवत होतो. कारण काय, तर त्यांना सवय आहे.

सगळ्यांत तिरपी रेघ रोशनीची होती. मिरच्या तोडायला जाणाऱ्या बाईची मुलगी, बारीक, बोलकी, वर्गात सगळ्यांच्या नकला करणारी. माझीही करायची, खांदा पाडून. मला माहीत होतं. चांगली करायची. तिला पुढे वाकून पायाची बोटं धरायला सांगितलं. गुडघ्याच्या खाली हात जाईना. हात वर करायला सांगितलं. उजवा गेला, कानापर्यंत. डावा खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला.

मला वाटलं, नक्कल करते आहे.

"रोशनी, गंमत नको."

"नाई सर. जातच नाई."

"कधीपासून?"

ती दुसऱ्या मुलींकडे पाठ करून हळूच म्हणाली, "सर, लेहता लेहता बोटाइले मुंग्या येतात. मान दुखते. सोफ्याच्या वक्ताले एकदा झटका बसला, तवापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"माहं नाव काटसान म्हून." आणि मग तिने माझा हात धरला. "काटू नोका सर. मी मजबूत हावो. तुमीच म्हनलं होतं."

मीच म्हणालो होतो.

मी त्या वेळी काय केलं? फॉर्म भरला. एक आकडा खोडून परत लिहिला. तिला म्हणालो, जा, पाणी पी. मग क्रीडासाहित्याच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि फुटबॉलच्या जाळीवर बसून राहिलो. भाऊसाहेबांनी माझा खांदा मोडला, त्यात चूक कुणाची हे मला कायम माहीत होतं. हिच्या मानेचं काय? तिथे भाऊसाहेब नव्हते. तिथे मी शिट्टी गळ्यात घालून उभा होतो.

तिला आणि तिच्या आईला घेऊन बुलढाण्याला गेलो. डॉक्टर तरुण होती. तिने मान तपासली, फोटो काढायला लावला, हातांची ताकद पाहिली. मग आईला विचारलं, "मुलगी डोक्यावर काय वाहते?"

आई म्हणाली, "पानी आनते. चारा आनते. अन् सव्वीस जानेवारीले सोफा."

डॉक्टर हसली. तिला तो विनोद वाटला. मग तिची नजर माझ्याकडे गेली, खांद्याकडे. "तुमचं काय झालं होतं, सर?"

"सोफा," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. म्हणाली, मानेच्या नसेवर दाब आहे, व्यायामाने बराचसा कमी होईल, पण डोक्यावर आता काहीही नाही. हंडा नाही, भारा नाही. कागदावर तेच लिहून दिलं. किती बरं होईल हे आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाली. परतीच्या एसटीत रोशनी खिडकीशी बसली होती. आई तिला म्हणाली, "मंग पानी कोन आनन?" मी डॉक्टरचा कागद घडी घालत-उलगडत राहिलो. मेहकर येईपर्यंत.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी यादी मागितली.

"यंदा यादी नाही सर," मी म्हणालो आणि डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. माणूस वाईट नाही. चष्मा काढला, पुसला. "मंग हे एक पोरगी वगळा ना. बाकी अकरा हायेत."

"बाकीच्यांच्या रेघा बघितल्या का तुम्ही? व्हरांड्यात आहेत."

"रेघा गिघा सोडा. दादासाहेबायले काय सांगू? सोफा चालत येईन का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "सर, तुमी करा नाई तर मी करतो. तुमी केली तर निदान पोरं सांभाळून जातीन."

ही त्यांची खरी युक्ती होती, आणि अकरा वर्षं तीच माझीही होती. मी सांभाळून नेतो. मी केळी देतो. मी म्हणालो, "नाही." यादी त्यांनी केली. जुनीच यादी होती माझी, फक्त सही बदलली. रोशनीचं नाव काढायचं राहून गेलं. किंवा राहिलं नाही. तिने त्यांच्या पाया पडून ते ठेवून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

सव्वीस जानेवारीला दिवस उगवायच्या सुमारास मी त्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. झाड अजून आहे. हातात खोबरेल तेलाची बाटली. अर्धा लिटरची. थंडीने तेल गोठलं होतं, म्हणून रात्रभर चुलीजवळ ठेवून वितळवलं होतं आणि मफलरमध्ये गुंडाळून आणलं होतं. बायको म्हणाली, "डोकं फिरलं काय तुमचं?" मी म्हणालो, "फिरलं होतं. सरळ करायले चाललो."

पोरं दादासाहेबांच्या घराकडे निघाली होती. बारा कोरडी डोकी, धुक्यातून. मला पाहून थांबली.

"रांगेत या," मी म्हणालो. शिट्टी वाजवली. सवयीने रांग झाली. पहिल्याच्या डोक्यावर मी तेलाची धार सोडली. तो दचकला. "सर, नाव कटन." मी म्हणालो, "कटू दे." दुसरा. तिसरा. तळव्यावर ओतायचं आणि टाळूवर थापायचं, माय लावते तसं. तेल कपाळावरून ओघळत होतं. एकाला हसू फुटलं, मग सगळ्यांना. रोशनी शेवटी होती. ती हसली नाही. मागे सरकली.

"मले नोको सर."

"का?"

"सगळ्यायले कळन, मी कमजोर हावो म्हून."

मी गुडघ्यावर बसलो. "माझा खांदा पाहा," म्हणालो. "ह्याच झाडाखाली मोडला. तुझ्याएवढा होतो. मी कमजोर होतो म्हणून नाही मोडला. मजबूत पोरं निवडली म्हणून मी तुम्हाला सांगत आलो, ते खोटं होतं. मी गरिबांची पोरं निवडत होतो."

तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग डोकं पुढे केलं. मी तिच्या डोक्याला तेल लावलं. उरलेलं माझ्या डोक्यावर ओतलं, सगळं.

तसेच गेलो. तेरा डोकी, चकाकणारी. दादासाहेब अंगणात होते, कडक इस्त्रीत. बिस्किटाच्या रंगाचा सोफा उलटा करून ठेवलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मास्तर, हे काय?"

"तेल."

"सोफ्याले लागन ना."

"हाव. लागन."

ते जवळ आले. वडिलांसारखेच, आवाज न चढवता म्हणाले, "नोकरी आमी देली तुमाले. ह्या अंगणात तुमचा बाप चप्पल हातात घेऊन येत होता. लक्षात हाये ना?"

"आहे," मी म्हणालो. मी माझा डावा हात वर केला. खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. "माझा हात इथवर जातो. वरचा तुमच्या सोफ्याने घेतला. आता यांचे घेऊ देणार नाही. सोफा तुमचा आहे, तुम्ही आणा."

"तुमचं काय होईन, मालूम हाये?"

"हाव."

पोरांना घेऊन मी मागे वळलो. पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. पाय थरथरत होते, अगदी सातवीतल्यासारखे. या वेळी मागे बसायला सोफा नव्हता, म्हणून चालत राहिलो.

सोफा आला. पिकअपमधून आला, खाली तीन गाद्या घालून. ज्या कामासाठी इतकी वर्षं पोरांच्या माना लागत होत्या, ते काम तीन गाद्यांनी दहा मिनिटांत केलं. दादासाहेब त्यावर बसले. एका मुलीने संविधानाची उद्देशिका वाचली. कवायत झाली. रोशनीला मी झेंड्याच्या बाजूला शाळेच्या लोखंडी खुर्चीवर बसवलं. खुर्ची कुरकुरली. दादासाहेबांनी मान वळवून पाहिलं. ती बसूनच राहिली.

मला कारणे दाखवा नोटीस आली. विद्यार्थ्यांना चिथावणे, संस्थेचा अवमान. पीटीचे तास काढून घेतले, शिट्टी जमा करून घेतली. आता मी ग्रंथालयात बसतो, तिथे पुस्तकांपेक्षा वाळवी जास्त आहे. चौकशी सुरू आहे. मुख्याध्यापक भेटले की चष्मा पुसतात. वस्तीतलेही काही जण म्हणतात, आता आपल्या पोरांना पुढे कोण करणार? रोशनीच्या बोटांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत. हात अजून कानाला लागत नाही. लागेल की नाही, डॉक्टर सांगत नाही. आणि पाणी आता तिची धाकटी बहीण आणते. ती पाचवीत आहे. तिची रेघ अजून सरळ आहे. तिला मी एवढंच शिकवलं आहे की अर्धा हंडा भरायचा आणि कड बदलत राहायची.

फेब्रुवारीत व्हरांड्याची भिंत रंगवली. निळ्यावर पुन्हा निळा. सगळ्या रेघा गेल्या. मी सुट्टीच्या दिवशी गेलो आणि माझ्या वहीतून एकेक जोडी परत काढली. या वेळी खडूने नाही. खिळ्याने, प्लास्टरच्या आत. नावांसकट. शेवटी माझी जोडी काढली, माझ्या आजच्या उंचीवर, तिरपी. त्याखाली लिहिलं, सातवी.

ते परत रंगवतील. मी परत कोरीन. चौकशीत विचारतील तेव्हा अकरा वर्षांच्या अकरा याद्या मी स्वतः टेबलावर ठेवणार आहे, माझ्या सहीच्या. माझा गुन्हा पहिला लिहून घ्या म्हणणार आहे. मग बाकीच्यांचा लिहा.

नोकरी राहील, न राहील. सव्वीस जानेवारी दरवर्षी येते आणि कडुलिंब रस्त्यावर आहे, संस्थेच्या आवारात नाही. तेलाची बाटली या वेळी मोठी आणून ठेवली आहे.